कडी वाजली होती

आमच्या बोळात पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि येण्याची वेळ ठरलेली नसते. कधी पहाटे, कधी भर दुपारी. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून हळहळतात. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं आहे. अंगणातला हौद, मोरीतली पिंपं, गच्चीवरची टाकी, सगळं घर त्या बेतानंच उभं आहे.

बोळाच्या आमच्या बाजूला तीनच घरं. तोंडाशी आक्कांचं, मध्ये आमचं आणि शेवटी भिंतीला टेकलेलं मावशींचं. पाणी आधी आक्कांकडे येतं. नळ आधी नुसता फुसफुसतो, मग खाकरल्यासारखा आवाज करतो आणि मग धार लागते. आक्कांचं घराणं विणकरांचं, घरात तेलुगू बोलतात. मागच्या गल्लीत अजून दिवसभर माग खडखडत असतात, पण त्या खडखडाटातूनही आक्कांना नळाचं फुसफुसणं ऐकू जातं. मग त्या चपला पायात सरकवतात आणि येऊन आमच्या फाटकाची कडी वाजवतात. आम्ही पुढे जाऊन मावशींच्या फाटकाची कडी वाजवायची. हे कोणी ठरवलं मला माहीत नाही. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मुलगी कडेवर होती. तेव्हापासून हे असंच आहे. आता ती पुण्यात नोकरी करते.

मावशी मूळच्या मोहोळकडच्या. त्यांना कमी ऐकू येतं आणि काकांना अर्धांगवायू झाल्यापासून ते खाटेवरच असतात. नळाच्या आवाजावर त्यांचं भागत नाही. फाटकाची कडी मात्र हातानं नीट आपटली की त्यांना ऐकू जाते. म्हणजे त्यांच्या घरातलं पाणी आमच्या हातात असतं. आणि पाणी उताराच्या टोकाला सगळ्यात कमी दाबानं पोचतं, म्हणून त्यांना वेळेवर कळायला हवं. उशीर झाला की त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार येते आणि तीही पाहता पाहता तुटते.

एरवी पाण्याचं सगळं माझी बायको बघते. ती बँकेत जाते, तरी कसं कोण जाणे, जमवते. दुपारी पाणी आलं तर आक्काच आमच्या हौदाचा नळ सोडतात आणि मावशींची कडीही वाजवतात. फाटकाची एक किल्ली त्यांच्याकडे आहे. पण मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि मी घरी असतो. मग ती म्हणते, "आक्कांना उन्हात कशाला? तुम्ही आहात ना." सुट्टीत माझ्याकडे घरातलं हे एवढंच काम असतं.

यंदा मुलगी पाडव्याला आली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप आणि खेळायचा कंट्रोलर ठेवून गेली. त्यात एक खेळ घालून दिला. म्हणाली, "बाबा, हा तुम्हाला जमेल. घाई करणाऱ्याला जमत नाही." मी हसण्यावारी नेलं. मी शाळेत पालकसभेत मोबाईल आणि गेमवर बोलणारा माणूस. परीक्षेच्या हॉलमध्ये माझी पाळी आहे हे कळलं की मुलं आधीच खिसे रिकामे करतात, असा माझा लौकिक. बायकोनं खेळाचं चित्र बघितलं आणि म्हणाली, "या वयात चोर-पोलीस?" मी म्हणालो, पोरीनं एवढं दिलंय तर बघतो जरा.

खेळ चोरांचा आहे. पडद्यावर एक हवेली दिसते, कलिंगड मधोमध कापावं तशी. तळघर, जिने, दालनं, माळे, सगळं एकाच वेळी समोर. त्यात शिरायचं आणि दागिने घेऊन बाहेर पडायचं. एक बाई भिंतीवर चढते, एक म्हातारा कुलपं उघडतो, एक जाडा माणूस भिंत फोडतो. आपण एका वेळी एकच व्हायचं. हातात हत्यार नसतं. पहारेकरी कंदील घेऊन फिरतात आणि कंदिलाचा उजेड त्यांच्या पुढे फाकलेला असतो. त्या उजेडात सापडलात की सगळं पुन्हा तळमजल्यापासून. सापडायचं नसेल तर अंधारात निश्चल उभं राहायचं, किंवा लांब कुठेतरी खडा टाकायचा. पहारेकरी आवाजाच्या दिशेला वळतो आणि आपण निसटतो.

हे मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. पहिले काही दिवस मी दर दोन मिनिटांनी पकडला जात होतो आणि तरी उठवत नव्हतं. आयुष्यभर मी कंदिलाच्या बाजूला उभा राहिलेला माणूस. अंधारात उभं राहून कोणी आपल्या शेजारून जातंय आणि त्याला कळत नाही, यात काय गंमत आहे ती मला पन्नाशीनंतर कळली. बायको सकाळी गेली की मी भांडी आवरायचो, खिडकीला जाड पडदा ओढायचो, पंखा मोठा करायचो आणि बसायचो. जेवणसुद्धा तिथेच. कडक भाकरी आणि शेंगाचटणीला ताट लागत नाही.

मधल्या हवेलीत मी फार दिवस अडकलो होतो. तिथे वरच्या दालनात तीन पहारेकरी एकमेकांना ओलांडत फिरतात आणि त्या बाईला त्यांच्या डोक्यावरच्या तुळईला लटकून पलीकडे न्यावं लागतं. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, तुळई झाली का?" झालेली नसायची.

त्या दुपारी मी तुळईच्या अर्ध्यावर होतो. कानाला हेडफोन होता, पण घामानं एक कान ओला झाला म्हणून ती बाजू मागे सारलेली. मला कडी ऐकू आली. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण नंतर मी स्वतःलाही दुसरं काही सांगायला लागलो होतो. मला वाटलं खेळातला आवाज असेल, मला वाटलं मागाचा असेल, असं काहीही नव्हतं. ती आमच्या फाटकाची कडी होती आणि ती आक्कांच्या हाताची होती. त्या आधी दोनदा हलकी वाजवतात आणि मग एकदा जोरात.

खेळ थांबवायला बटण असतं. अंगठ्याखालीच असतं. ते मी दाबलं नाही. दाबलं असतं तर हात सुटेल, लय जाईल असं वाटलं. दोन मिनिटांत होतंच आहे, मग उठू.

कडी परत वाजली. मग फाटक उघडल्याचा आवाज आला आणि पडद्याच्या फटीतून आक्का दिसल्या. पदर डोक्यावर घेऊन, उन्हाला आडवा हात धरून त्या खिडकीकडे बघत होत्या. आणि मी हललो नाही. खेळातली बाई तुळईला लटकून निश्चल होती आणि मी माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, तसाच निश्चल. श्वाससुद्धा धरला होता. आक्कांना वाटावं घरात कोणी नाही, झोपलेत, काहीही. खोलीत अंधार होता खरा, पण लॅपटॉपचा उजेड माझ्या तोंडावर होता. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघताना त्यांनी बघितलं. मग त्या वळल्या, फाटक ओढून घेतलं आणि गेल्या. माणूस घरात जागा आहे म्हटल्यावर पुढची कडी तोच वाजवणार, असं त्यांना वाटलं असणार. दुसरं काय वाटेल?

मी उठलो तेव्हा तुळई पार झाली होती. दोन मिनिटांत नव्हे. मधे पुन्हा पकडला गेलो आणि पुन्हा तळमजल्यापासून आलो. पार झाल्यावर मला खूप आनंद झाला होता, तेही लिहायला हवं. लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो काढून मुलीला पाठवला. मग बनियनवर अंगणात गेलो. हौदाच्या तोटीतून थेंब पडत होते, तेही थांबले. मावशींच्या फाटकाकडे मी गेलो नाही. आता वाजवून काय करायचं, असं मनाशी म्हटलं.

संध्याकाळी बायको आली आणि हात धुवायला मोरीत गेली. पिंपाचं झाकण उघडून परत ठेवल्याचा आवाज मी ऐकला. बाहेर येऊन म्हणाली, समोरच्या ओळीला दुपारी पाणी येऊन गेलं म्हणतात.

मी म्हणालो, "कडी वाजली नाही."

एवढंच. ते वाक्य तोंडातून किती सहज गेलं याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ती म्हणाली, तुम्ही झोपला असाल. तिथेही मला वाट होती. झोप लागली म्हणालो असतो तर ती दोन शब्द बोलली असती आणि संपलं असतं. पण तिच्या आवाजात मला आधीच चोर-पोलीस ऐकू आलं. मी म्हणालो, नाही, जागाच होतो, इथेच वाचत बसलो होतो, कडी वाजलीच नाही.

मावशी कळशी घेऊन आल्या त्याच वेळी. त्यांच्याकडे प्यायलासुद्धा नव्हतं. बायकोनं फिल्टरमधलं भरून दिलं. मावशी म्हणाल्या, "कडी वाजवली न्हाय जनू कुनी. मी तर दारातच बसले हुते." बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सांगितलं, आमचीच वाजली नाही मावशी, यांनी नाही तर वाजवली असती. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का दारात रांगोळी काढत होत्या. बायको फाटकाशी थांबली. मी मागे चपला घालत होतो. ती भांडायला गेली नव्हती. काल काही अडचण होती का, एवढंच तिनं विचारलं. आक्का म्हणाल्या, "अडचन कसली? वाजवली की मी. दोनदा वाजवली."

"हे घरातच होते, आक्का."

"असतील की."

त्या "असतील की"वर त्यांनी वर बघितलं. बायकोकडे नाही, माझ्याकडे. रांगोळीची चिमूट हातात तशीच होती. मी दुसऱ्या पायातली चप्पल शोधत राहिलो. ती पायाशीच होती. त्यांनी तिथे सगळं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी सांगितलं नाही. बायकोच्या तोंडावर नवऱ्याला खोटा पाडायचा नाही म्हणून, की मी स्वतः तोंड उघडतो का ते बघायला, मला ठाऊक नाही.

बायको मात्र चिडली. ती माझ्या बाजूनं चिडली. म्हणाली, आपली टाकी भरून झाल्यावर वाजवायचं होतं का? मोटर लावून ओढत बसलं की वेळेचं भान राहत नाही माणसाला. नळाच्या लाईनला मोटर लावायची नसते आणि आमच्या तिन्ही घरांत ती आहे. त्याबद्दल कोणी कोणाला बोलत नाही. लाईनला मोटर लावणाऱ्याला इथे पाणीचोर म्हणतात. तो शब्द ती बोलली नाही, पण तो तिथे येऊन पडला. आक्का उठल्या, रांगोळी अर्धी सोडून आत गेल्या. ज्या बाईनं माझ्या मुलीच्या कांजिण्यांत रात्री जागवल्या, तिला माझी बायको माझ्या शब्दावर चोर ठरवून बँकेत निघाली. खेळात मी एवढा लांब खडा कधी टाकला नव्हता.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. तिनं तुळईबद्दल विचारायला सुरुवात केली आणि मी घाईनं फोन घेऊन गच्चीवर गेलो. म्हणालो, त्या फोटोचं आईला बोलू नको. तिनं विचारलं, "का, बाबा?" म्हणालो, असंच. ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"मध्ये परीक्षेच्या हॉलमध्ये मला बघून खाली मान घालणाऱ्या मुलांसारखं काहीतरी होतं, फक्त यावेळी मान माझी होती.

पुढचं पाणी आलं तेव्हा कडी वाजली नाही. खरोखरच वाजली नाही. आक्कांनी आपलं भरून घेतलं आणि दार लावलं. बायकोनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, ती नळाशीच खुर्ची टाकून बसली होती, म्हणून आमचं भरलं आणि मावशींचंही. समोरच्या ओळीतल्या कोणीतरी मग सुचवलं की फोनवर ग्रुप करू, ज्याला कळेल त्यानं टाकायचं. सगळ्यांना ते सोयीचं वाटलं. मावशींकडे तसला फोन नाही. आक्कांनी ग्रुपात यायला नकार दिला. म्हणाल्या म्हणे, "माझ्या कडीचा भरोसा न्हाय तर बोटाचा कसा काय?" समोरच्या ओळीत आता असं बोललं जायला लागलं होतं की आक्कांचं पहिल्यासारखं राहिलं नाही, वय झालं, ऐकू येत नाही वाटतं. मागांच्या आवाजातून नळ ऐकणारी बाई, आणि तिला ऐकू येत नाही.

हे कानावर आलं त्या दिवशी मी आक्कांच्या दारात गेलो. त्या परातीत शेंगा निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानं सांगितलं की कडी मला ऐकू आली होती, मी खेळत होतो, तुम्ही खिडकीत दिसलात आणि तरी उठलो नाही, आणि मग खोटं बोललो. हे सगळं बोलायला जितका वेळ लागेल असं वाटलं होतं तितका लागला नाही.

त्यांनी एक कुजकी शेंग बाजूला टाकली. म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग, मास्तर? मला म्हाईतच हाय की. ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांगा."

मग बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी खेळाचं सांगेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं. तिला वाटलं मी तेवढ्याचीच कबुली देतोय. मग हसू गेलं. ती म्हणाली, "मी आक्कांना मोटरचं बोलले. तुमच्या शब्दावर." मी म्हणालो, हो. ती परत म्हणाली, "तुमच्या शब्दावर बोलले मी." हातातला टॉवेल तिनं तसाच ठेवला आणि चपला न घालता आक्कांकडे गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. तिथे काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

मावशींकडे जायला मला दुसरा दिवस लागला. काका खाटेवर होते, माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं तेव्हा मावशींना आधी नीट ऐकू आलं नाही, म्हणून मला सगळं परत, मोठ्यानं सांगावं लागलं. 'गेम खेळत होतो' हे शब्द मी त्या घरात ओरडून बोललो.

"खेळत हुता?" मावशी म्हणाल्या. "तुमी?" त्यांना राग आलेला दिसत नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मग काकांच्या पायावरची चादर सारखी करत म्हणाल्या, "ह्येंला आंघूळ न्हाय घातली तवा. वल्या फडक्यानं पुसलं नुसतं. पाठीला खाज सुटायची त्येंच्या, लई कुरकुर करायचे." काका डोळे मिटून पडले होते. मी समोरच्या ओळीतही दोन घरी गेलो आणि आक्कांचं ऐकणं पहिल्यासारखंच आहे हे सांगितलं. त्यांनी चहा दिला, पोरगं कोणतं खेळत होतं विचारलं. पोरगं नाही, मीच, म्हणालो.

खेळ अजून लॅपटॉपमध्ये आहे. मी तो काढून टाकला म्हणालो तर ते खोटं होईल. पुढची हवेली उघडलेली आहे, तुळई पार केल्यामुळे उघडलेली. ती मी एकदा उघडून बघितली आणि बंद केली.

परवा पाणी आलं. मी सकाळपासूनच फाटकाशी होतो, हौदाची तोटी मोकळी करून ठेवली होती. आक्कांच्या घरात भांडं सरकल्याचा आवाज आला आणि मग त्या बाहेर आल्या, पदर डोक्यावर घेतलेला. आमच्या फाटकाशी आल्या. मी कडीपासून हातभर अंतरावर उभा. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं एखाद्या उघड्या दाराकडे बघावं तसं, आणि तशाच पुढे गेल्या. उन्हातून बोळाच्या शेवटापर्यंत चालत गेल्या आणि मावशींची कडी वाजवली. दोनदा हलकी, मग एकदा जोरात. मावशींचं दार उघडलं. येताना त्या पलीकडच्या कडेनं परत गेल्या.

आतून बायकोनं विचारलं, "कडी वाजली का?"

"नाही," मी म्हणालो. "पाणी आलंय."